एक जूनची माणसं

आमच्या साइटवर आता कोण उरलंय, हे दर महिन्याला सांगणं हे माझं काम आहे. साइटचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ती अजून चालू आहे का? हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारला गेलाय, पोरांच्या वाढदिवसांना विचारला गेलाय, एकदा तर दातांच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात आरसा घालून विचारलाय. चालू आहे. सिंगापूरला रॅफल्स प्लेसमध्ये तिचं ऑफिस आहे आणि रोज सकाळी क्लेमेंटीहून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून मी तिथे जाते.

मी रुजू झाले तेव्हा आमच्याकडे दोन मजले होते. आता एकाच मजल्याचा अर्धा भाग आहे आणि उरलेल्या अर्ध्यात कुठल्याशा विमा कंपनीची माणसं फोनवर बोलत असतात. सोडून जाणाऱ्याला निरोपाचा केक आणायची पद्धत होती. महिन्याला एक, मग आठवड्याला एक, मग एकाच केकवर तीन नावं. शेवटी केक आणणारी मुलगीच सोडून गेली आणि ती पद्धत बंद पडली. तिच्यासाठी केक कोणी आणला नाही, हे दोन दिवसांनी आमच्या लक्षात आलं.

माझा रिपोर्ट जाहिरातदारांसाठी असतो. साइटवर येणारी माणसं कुठल्या वयाची, बायका किती, पुरुष किती, कुठल्या शहरातले, दिवसातून किती वेळ थांबतात. इतकी वर्षं हे तक्ते केल्यावर साइट कशी ओस पडते ते मला पाठ झालंय. आधी कॉलेजची पोरं जातात, कारण त्यांच्या आया तिथे आलेल्या असतात. मग आया जातात, कारण ज्यांच्यावर लक्ष ठेवायला आल्या ती पोरंच नसतात. मग ऑफिसवाले जातात. राहतात ती माणसं, ज्यांना ‘आता सगळे दुसरीकडे गेलेत’ असं सांगायला कोणी फिरकलेलंच नसतं.

माझ्या तक्त्यात वाढणारा रकाना एकच होता, ‘पासष्ट आणि पुढे’. वर्षभर आम्ही खूश होतो, की बघा, ज्येष्ठ मंडळी आपल्याकडे वळताहेत. मग मी जरा खणून पाहिलं. नवीन कोणी येत नव्हतं. आधीपासून होते तेच म्हातारे होत होते. तसं मी रिपोर्टात लिहिलं, तर बॉसनं ते वाक्य काढायला सांगितलं. मी काढलं. वाईट वाटलं का, तर नाही. अशा गोष्टींचं वाईट वाटणं केव्हा थांबलं, ते मला सांगता येणार नाही.

त्याच रकान्यात माझे वडील होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर छत्तीस वर्षं मास्तर होते. आई गेल्यापासून एस. टी. स्टँडमागच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. त्यांचं खातं मीच काढून दिलं होतं, माझी मुलगी लहान असताना, तिचे फोटो त्यांना दिसावेत म्हणून. फोटो टाकायचा माझा उत्साह वर्षभरात ओसरला. अण्णा मात्र तिथे रमले. रोज पहाटे आंघोळ, चहा, आणि मग टॅबवर एका बोटानं टाइप करत शाळेतल्या एकेका मुलाबद्दल लिहायचे. पहिलीत आला तेव्हा कसा होता, कुठून चालत यायचा, पुढे काय झालं. फोनवरचे ग्रुप त्यांना आवडत नसत. ‘तिथे सगळे फुलं पाठवतात आणि भांडतात,’ असं त्यांचं म्हणणं. साइटवर लिहिलेलं जागेवर राहतं, कधीही मागे जाऊन पाहता येतं, हे त्यांना पसंत होतं. अकरा वर्षं त्यांनी हा नेम चालवला. तिकडे सहा वाजता ते लिहून टाकत. इकडे तेव्हा साडेआठ वाजलेले असत आणि मी गाडीत असे.

त्यांचं खातं काढताना जन्मतारीख मी त्यांच्या कागदांवरून भरली होती, एक जून. आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या काळी मुलाचा जन्म कुठे नोंदलेला नसे. शाळा जूनमध्ये उघडायची. आई पोराला हाताला धरून शाळेत आणायची. मास्तर विचारायचे, कधीचा हा? ती म्हणायची, मोठा पूर आला त्याच्या पुढच्या साली, किंवा थोरलीचं लग्न झालं तेव्हा पोटात होता. मास्तर मनाशी हिशेब करायचे, मूल सहा वर्षांचं बसवायचे आणि रजिस्टरात एक जून लिहायचे. पुढे ती तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीत, नोकरीतून पेन्शनीत. आमच्या भागात दर वर्षी मेच्या शेवटच्या दिवशी शाळा-कचेऱ्यांत निरोप-समारंभांची रांग लागते, ती याच कारणानं. अण्णांची तारीख त्यांच्या मास्तरांनी अशीच घातली होती. अण्णांनी स्वतः छत्तीस वर्षांत किती पोरांना एक जून दिला असेल, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

आता माझी करणी सांगते.

जाहिरातदारांची तक्रार होती, की आमच्या साइटवर खोटी खाती फार आहेत. बॉसनं मला ती हुडकायचा नियम बसवायला सांगितलं. बॉस इथलीच, पन्नाशीची, सरळ बाई आहे. तिचीही खुर्ची डुगडुगत होती, त्यामुळे घाई होती. खोटं खातं ओळखायची एक सोपी खूण असते. शेकड्यानं खाती काढणारा प्रत्येकाला वेगळी जन्मतारीख देत बसत नाही, एकच ठोकून देतो. म्हणून एकाच तारखेला माणसांचा ढीग दिसला, की ती खाती संशयित धरायची. मी सगळ्या देशांचा तक्ता काढला. सगळ्यात मोठा ढीग एक जानेवारीचा होता, फॉर्ममध्ये पहिली तीच तारीख दिसते, म्हणून तो अपेक्षितच होता. त्याखालोखाल पाच-सहा तारखा होत्या. त्यांत एक जून होती, भारत, पश्चिम विभाग, वय पंचावन्नच्या वर.

मी ती ओळ पाहिली. घाईत नजरेतून सुटली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण सुटली नव्हती. मी पाहिली, पुढच्या ओळीवर गेले, खाली सही केली आणि जेवायला गेले. त्या दिवशी मी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांवर, फिश सूप घेतलं होतं, तेसुद्धा आठवतं. जिच्या गावात एक जूनला घरोघरी वाढदिवस असतो, ती बाई त्या ढिगाकडे बघून ‘खोटी माणसं’ असं लिहिते. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं.

तीन आठवड्यांनी शनिवारी सकाळी अण्णांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

“अगं, माझं ते खातं उघडत नाही. लाल अक्षरांत काहीतरी आलंय. माझ्याकडून काही चूक झाली का?”

“वाचून दाखवा अण्णा.”

त्यांनी एकेक शब्द वाचला. तुमच्या जन्मतारखेची खात्री पटत नाही. तीस दिवसांत ओळखीचा कागद जोडा, अन्यथा खातं आणि त्यातला सर्व मजकूर कायमचा काढून टाकण्यात येईल. तो मजकूर मीच मंजूर केला होता. त्यातला ‘अन्यथा’ मीच सुचवला होता, आधीचा शब्द फार मवाळ वाटत होता म्हणून.

“मला एकट्यालाच नाही,” अण्णा म्हणाले, “आमच्या शाळेतल्या पोरांचे फोन येताहेत सकाळपासून. गुरुजी, तुमचं पण बंद झालं का, म्हणून विचारताहेत.” ही पोरं म्हणजे साठीची माणसं.

“बघते मी,” म्हटलं.

सोमवारी बॉसला जाऊन सांगितलं. एक जूनची गोष्ट इंग्रजीत सांगताना कशी विचित्र वाटते, ते तेव्हा कळलं. एवढ्या सगळ्यांचा वाढदिवस शाळेतल्या मास्तरांनी ठरवला? तिनं दोनदा विचारलं. पण ती समजूतदार होती, हसली नाही. रिपोर्ट मात्र पुढे गेलेला होता. खोटी खाती काढली, ही त्या तिमाहीतली आमची सांगण्याजोगी एकमेव गोष्ट होती आणि ती मागे घेणं तिला शक्य नव्हतं.

“रिअल पीपल कॅन प्रूव्ह, लाह,” ती इथल्या लकबीत म्हणाली. “थर्टी डेज. अपलोड, टिक, फिनिश.”

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त मला माहीत होतं, की तरुण माणसाला एका दारात अडवलं तर तो दुसऱ्या दारानं आत येतो, आणि म्हातारा माणूस घरी निघून जातो. मी ते बोलले नाही. जागेवर येऊन दुसऱ्या देशाचा तक्ता उघडला.

अण्णांचं काम तरी करून टाकू, म्हणून त्या आठवड्यात मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. शाळेचा दाखला, आधार कार्ड, सगळं त्यांनी आधीच टेबलावर मांडून ठेवलं होतं. कागद जोडले गेले. मग ते थांबले.

“इथे खाली एक ओळ आहे. वर दिलेली जन्मतारीख खरी असल्याचं मी जाहीर करतो.”

“हो, तिच्यापुढे चौकोन आहे ना, त्यात बोट लावा.”

“पण ती खरी नाही.”

“अण्णा, सगळ्या कागदांवर तीच आहे.”

“कागदांवर कशी येते, ते मला सांगतेस?” ते हसले. “माझी आई सांगायची, हुरड्याच्या दिवसांत झालास. जूनमध्ये कुठला हुरडा?”

“आजवर इतक्या ठिकाणी सही केलीत की तुम्ही. नोकरीत केलीत, पेन्शनला केलीत.”

“केली. तेव्हा नोकरी हवी होती, घर चालवायचं होतं. आता कशापायी करू?” मग त्यांनी टॅब जरा लांब धरला आणि त्यांचा चेहरा पूर्ण दिसला. खरंच खूश दिसत होते. “तुमच्या त्या मशीननं बरोबर पकडलं हं. छत्तीस वर्षांत किती साहेब तपासणीला आले, एकाला शंका आली नाही.”

ती मशीन मीच होते, हे सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही.

“तुमचं लिहिलेलं सगळं जाईल अण्णा. अकरा वर्षांचं.”

“जाऊ दे. आणि तू तिकडून परस्पर काही करू नकोस. पासवर्ड तुझ्याकडे आहे, मला माहितीये. माझ्या नावानं खोटं लिहायचं नाही.”

माझी मुलगी शेजारी सोफ्यावर अभ्यास करत होती. चौदा वर्षांची आहे. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “जस्ट क्लिक लाह, आई. एव्हरीबडी लाइज अबाउट बर्थडे.” तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी वय वाढवून कुठे कुठे खाती काढली आहेत. आमच्या साइटवर त्यांतला एकही नाही. ती आंटी लोकांची आहे, असं तिनं मला मागेच सांगितलंय. तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, आणि मी अण्णांची मुलगी नसते तर तेच केलं असतं.

दिवस जात होते. एक दिवस ऑफिसात काम नव्हतं, म्हणजे होतं, पण करावंसं वाटत नव्हतं. मी अण्णांच्या खात्याचा तक्ता काढला. हे नियमात बसत नाही. बंद खात्यातला मजकूर आम्हाला दिसत नाही, पण तो कोणी वाचला, कुठे बसून वाचला, किती वेळ वाचला, ते दिसतं. एवढी मोठमोठी खाती मी अशी उलगडून पाहिली होती, वडिलांचं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांचा वाचकवर्ग लहान होता. बहुतेक पुरुष, काही बायका, जवळजवळ सगळे पंचावन्नच्या पुढचे. सातारा, कराड, पुणे, एखाददुसरा सुरत आणि दुबई. म्हणजे शाळेतली पोरंच. आणि ती थांबत होती. आमच्या साइटवर माणूस कुठल्याही गोष्टीवर क्षणभर थांबतो आणि अंगठा पुढे सरकवतो. ही माणसं अण्णांच्या पानावर चार-चार, पाच-पाच मिनिटं थांबलेली होती. काही जण तेच पान दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडत होते. जाहिरातदारांना दाखवायला असा वाचक मी वर्षानुवर्षं शोधत होते, आणि तो सगळा मी खोटा म्हणून काढून टाकला होता.

सगळ्यात खाली सिंगापूर होतं. वाचक एक. स्त्री, चाळीस ते चव्वेचाळीस. रोज सकाळी साडेआठच्या सुमारास येते. लाइक करते. थांबण्याचा वेळ दोन सेकंदांच्या आत.

ती बाई कोण, हे शोधायला मला तक्त्याची गरज नव्हती. अकरा वर्षं मी गाडीत बसल्या बसल्या वडिलांच्या लिहिण्याला अंगठा दाखवत होते आणि पुढे सरकत होते. वाचू नंतर, असं म्हणत होते का? तसंही नाही. काही म्हणतच नव्हते. कपाळाला हात लावून नमस्कार करावा आणि देवळापुढून निघून जावं, तसं चाललं होतं. तो तक्ता बघताना मात्र मला लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, म्हणून ते चांगलं लक्षात राहिलंय.

आणि तेव्हा मला ते लिहिलेलं वाचावंसं वाटलं. सगळं, पहिल्या पानापासून. ते वाचायचं तर खातं उघडायला हवं होतं, आणि खातं उघडायचं तर अण्णांनी त्या चौकोनात बोट लावायला हवं होतं.

मुदत सोमवारी संपणार होती. रविवारी मी भाजी आणायला लिटिल इंडियाला गेले होते. रविवारी तिथे फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. एका मिठाईच्या दुकानाच्या कडेला पिशवी पायांत धरून उभी राहिले आणि फोन लावला.

“अण्णा, उद्या शेवटचा दिवस आहे. माझ्यासाठी करा. एकदा टिक करा.”

“तुझ्यासाठी म्हणजे?”

“असंच. ते सगळं राहावं असं वाटतं.”

“अगं, राहून काय करायचंय?” ते शांतपणे म्हणाले. “ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी वाचलं. पोरांनी वाचलं, तू वाचलंस. तू रोज पहिली असायचीस, मी बघायचो ना. तुझी खूण आली की मी टॅब मिटायचो, म्हणायचो पोचलं.”

 मागून कोणीतरी वाट मागत होतं, मी सरकले. नाही वाचलं अण्णा, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर त्यांनी ती टिक केली असती. मला वाचता यावं म्हणून त्यांनी ते खोटं लिहिलंही असतं, याची मला तेव्हाही खात्री होती, आताही आहे.

“वाचलंस ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

“सगळं?”

“हो अण्णा.”

“मग कुठलं आवडलं तुला?”

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. फोन कानाशी घट्ट धरल्यासारखा आवाज जवळ आला.

“सगळीच आवडली,” मी म्हटलं.

 छत्तीस वर्षं त्यांनी वर्गात उभी राहिलेली मुलं पाहिली होती. धडा वाचून आलेलं मूल कसं उत्तर देतं आणि न वाचता आलेलं कसं देतं, ते त्यांना कोणी सांगायला नको होतं.

“बरं,” ते म्हणाले. मग विचारलं, “भाजी काय घेतलीस?”

“गवार.”

“मिळते का तिकडे गवार? बरं झालं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

मुदत संपायला अजून पुरा एक दिवस होता. मी परत फोन केला नाही.